तांब्याचे तोंड गोल दिसते का?



आज सुरुवातीलाच एक छोटी परीक्षा घेतो. डोळे मिटा आणि आपल्या गावातला बाबासाहेबांचा पुतळा आठवा. पुतळा नसेल तर घरातली तसबीर आठवा. पुस्तक कोणत्या हातात आहे? बोट समोर रोखलेले आहे की थोडे वर उचललेले? कोटाच्या खिशाला पेन किती आहेत? कोटाची बटणे लावलेली आहेत की मोकळी? घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळे विचारा, उत्तरे वेगवेगळी येतील. मग सगळ्यांनी मिळून पुतळ्यापाशी जावे आणि कोण बरोबर, कोण चूक ते पाहावे.

ज्या पुतळ्यासमोरून आपण रोज ये-जा करतो, १४ एप्रिलला ज्याला हार घालतो, त्याच्या कोटाची बटणे आपण पाहिलेली नसतात. याचा अर्थ आपला आदर कमी असा मुळीच नाही. ओळखीच्या वस्तूचे असेच होते. ओळख पटली की पुढे पाहायचे राहून जाते. घरात हे चालून जाते. पण कामावर, दवाखान्यात, पंचनाम्याच्या वेळी आणि औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचताना हे चालत नाही. तिथे न पाहिल्याची किंमत मोजावी लागते, आणि बहुतेक वेळा ती गरिबालाच मोजावी लागते.

म्हणून आजचा विषय असा आहे की चित्र नीट पाहायला आणि चार रेघांचे का होईना चित्र काढायला शिकल्याने आपले रोजचे काम कसे सुधारते. काही पालकांच्या कपाळाला आठी पडेल. चित्रकला म्हणजे रिकाम्या वेळचा उद्योग, त्याने पोट भरते काय, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. उजनीच्या काठावर ऊसतोड, मासेमारी, केळीच्या गाड्या भरणे, एमआयडीसीतली पाळी यांत दिवस जातो. तिथे रंग-ब्रश आणायचा कोठून? पण मी रंग-ब्रशाबद्दल बोलत नाही. एक पेन्सिल, पाठकोरा कागद आणि घरातला तांब्या एवढे साहित्य पुरे आहे.

दिसते ते आणि माहीत असते ते

तांब्या जमिनीवर ठेवा आणि सहावीतल्या मुलाला समोर बसवून त्याचे चित्र काढायला सांगा. पहिल्या प्रयत्नात बहुतेक मुले तांब्याचे तोंड पूर्ण गोल काढतात आणि बूड सरळ रेघेने काढतात. तोंड गोल का काढले? कारण ते गोल आहे हे मुलाला माहीत आहे. पण बसल्या जागेवरून ते गोल दिसत नाही, लंबगोल दिसते. तांब्या उचलून डोळ्याच्या पातळीवर धरला तर तोंडाची नुसती आडवी रेघ दिसते. खाली नेत गेले की लंबगोल उघडत जातो, आणि अगदी वरून वाकून पाहिले तरच तोंड गोल दिसते. बुडाची कडाही त्याच हिशेबाने वळलेली दिसते. मुलाने डोळ्यांना दिसले ते काढले नाही, डोक्यात होते ते काढले.

चित्रकलेचे शिक्षक वर्षानुवर्षे हीच खोड मोडतात. आपल्या राज्यात कला संचालनालयातर्फे शासकीय रेखाकला परीक्षा घेतल्या जातात. त्यांना आपण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट म्हणतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुणांची सवलतही ठेवलेली आहे, म्हणून काही पालक मुलांना बसवतात. पण गुणांपेक्षा त्यातले विषय पाहा. वस्तुचित्रात समोरची वस्तू जशी दिसते तशी काढायची असते. स्मरणचित्रात बाजार, पाणवठा, एसटी स्टँड असा पाहिलेला प्रसंग आठवून काढायचा असतो. भूमितीत माप चुकवून चालत नाही आणि अक्षरलेखनात दोन अक्षरांमधले अंतर सांभाळावे लागते. म्हणजे पाहणे, लक्षात ठेवणे, मोजणे आणि दुसऱ्याला समजेल असे मांडणे अशी ही चार शिक्षणे आहेत. कोणत्या नोकरीत ही चार लागत नाहीत?

वस्तुचित्रातली एक युक्ती सर्वांनी शिकावी. हात ताठ करून पेन्सिल डोळ्यासमोर उभी धरायची, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत वस्तूची उंची मोजायची. तेच माप आडवे करून रुंदीशी ताडून पाहायचे. तांब्या रुंदीच्या दीडपट उंच आहे की सव्वापट ते लगेच कळते. अंदाज सोडून मापावर येण्याची ही पहिली पायरी आहे.

मी कारकून माणूस, बी. कॉम. झालेला. आमच्याकडेही अशी एक युक्ती आहे. जमा-खर्चाचा ताळा जुळत नसेल आणि फरकाला ९ ने भाग जात असेल, तर कोठेतरी आकड्यांची उलटापालट झाली असावी असा संशय घ्यायचा. ९८० च्या जागी ८९० लिहिले की फरक ९० येतो. अशी चूक पुन्हा पुन्हा वाचूनही सापडत नाही. मनात ९८० असते, म्हणून कागदावरचे ८९० डोळ्याला ९८० च दिसते. हे तांब्याच्या तोंडासारखेच झाले. अशा वेळी एक एक आकडा सुटा करून, बोट ठेवून वाचावा लागतो. चित्र काढणारा रेघ न् रेघ सुटी पाहतो तसाच.

डॉक्टर आणि पोलीस चित्रांपुढे उभे राहतात

हे केवळ माझे मत असते तर मी एवढा लांबण लावला नसता. अमेरिकेत येल विद्यापीठात त्वचारोगाचे प्राध्यापक आयर्विन ब्रेव्हरमन आणि तिथल्या कलासंग्रहालयातील शिक्षण विभागाच्या लिंडा फ्रीडलँडर यांनी डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना जुन्या चित्रांपुढे उभे करायला सुरुवात केली. विद्यार्थ्याने चित्र बराच वेळ पाहायचे आणि मग त्यात काय काय दिसते ते इतरांना सांगायचे. चित्रकार कोण, साल कोणते, किंमत किती याच्याशी कर्तव्य नाही. फक्त दिसते ते सांगायचे. या प्रयोगाचा अहवाल २००१ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. असे शिकलेल्या विद्यार्थ्यांना रोग्याच्या छायाचित्रातल्या खुणा इतरांपेक्षा अधिक टिपता आल्या.

हार्वर्ड विद्यापीठानेही बोस्टनच्या कलासंग्रहालयात असाच वर्ग चालवला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वर्गानंतर विद्यार्थ्यांच्या निरीक्षणांची संख्या सरासरी ३८ टक्क्यांनी वाढलेली आढळली. न्यूयॉर्कमध्ये एमी हर्मन नावाच्या बाईंनी २००० मध्ये फ्रिक कलासंग्रहात प्रथम डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि पुढे पोलिसांसाठी असे वर्ग घेतले. त्यांचा एक नियम मला फार आवडला. वर्गात ‘उघडच आहे’ आणि ‘स्पष्टच आहे’ हे शब्द वापरायचे नाहीत. जे एकाला उघड दिसते ते दुसऱ्याला दिसतेच असे नाही. म्हणून काय दिसते तेच सांगायचे.

अर्थात चित्रे पाहिली म्हणून कोणी डॉक्टर होत नाही. विषयाचे ज्ञान लागतेच. या अभ्यासांनी मोजले ते निरीक्षण. त्यामुळे रोगी किती बरे झाले हा वेगळा प्रश्न आहे. पण ज्ञान कितीही असले तरी खूणच नजरेतून सुटली तर ते ज्ञान कामी येत नाही, हेही तितकेच खरे.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयात शिक्षण विभाग सांभाळलेले फिलिप येनावाइन आणि मानसशास्त्रज्ञ ॲबिगेल हाउसेन यांनी चित्र पाहण्यासाठी तीन साधे प्रश्न बसवले आहेत. मी ते आपल्या बोलीत सांगतो. पहिला प्रश्न : या चित्रात काय चालले आहे? दुसरा : कशावरून म्हणता? तिसरा : आणखी काय सापडते? यातला दुसरा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. ‘कशावरून?’ असे विचारायची सवय ज्या घरात लागली, त्या घरात अफवा आणि बुवाबाजी फार काळ टिकत नाही.

अजिंठ्यातली राजकन्या मरते आहे का?

यासाठी परदेशी चित्रेच हवीत असे मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्रात अजिंठा आहे. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात आणि भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करून घेत. अंधाऱ्या लेण्यात बसून एकेक बोट, एकेक दागिना पाहायचा आणि कागदावर उतरवायचा असे ते काम होते. पाहण्याची याहून मोठी शाळा कोणती असेल? त्यांतल्या पुष्कळ नकला लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या, ही दुःखाची गोष्ट.

अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात एक प्रसिद्ध चित्र आहे. एक स्त्री आसनावर मागे रेलली आहे, मान कलली आहे, डोळे मिटत आले आहेत आणि भोवती दासी चिंतेत आहेत. १९ व्या शतकातल्या पाहणाऱ्यांनी याला ‘मरणासन्न राजकन्या’ असे नाव दिले आणि ते नाव आजही पुस्तकांत सापडते. पण पुढच्या अभ्यासकांनी शेजारचा भाग नीट पाहिला. तिथे एक सेवक हातात मुकुट घेऊन उभा आहे. मुकुट कोणाचा? बुद्धांचा धाकटा भाऊ नंद याचा. नंद भिक्षू झाला, त्याने उतरवलेला मुकुट घरी परत आला आणि तो पाहून त्याची पत्नी सुंदरी हिला भोवळ आली, अशी ती कथा आहे. म्हणजे ती मरत नाही, तिला धक्का बसला आहे.

ज्यांनी नाव दिले त्यांनी कलती मान पाहिली आणि मरण हा अर्थ लावून टाकला. मुकुटाकडे पाहिले असते तर अर्थ बदलला असता. ‘मान कलली आहे’ हे झाले निरीक्षण. ‘ती मरते आहे’ हा झाला अंदाज. दोन्ही वेगळ्या रकान्यात लिहायला शिकणे हेच चित्रवाचनाचे सार आहे.

आता हेच रस्त्यावर आणून पाहा. एक माणूस भरदुपारी एसटी स्टँडवर झोकांड्या खातो आहे आणि बोलणे अडखळते आहे. लोक म्हणतात, प्यालेला आहे, लांब व्हा. पण मधुमेहाच्या रोग्याची साखर एकदम उतरली तरी तो असाच झोकांड्या खातो, त्याला घाम फुटतो आणि तो असंबद्ध बोलतो. तोंडाला वास येतो का, अंगाला घाम आहे का, खिशात गोळ्यांचे पाकीट आहे का, एवढे पाहणारा एक माणूस जवळ गेला तर जीव वाचतो. लांबून अंदाज बांधणाऱ्यांच्या गर्दीत तो जातो. माणसाकडे पाहण्याआधीच त्याच्याविषयी मत तयार असणे काय असते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. वस्तीचे नाव ऐकूनच माणूस ओळखला असे समजणाऱ्यांनी आपल्याला कधी नीट पाहिले नाही. निदान आपण तरी दुसऱ्याकडे तसे पाहू नये.

आपल्या काठावरची कामे

आता उजनीच्या काठावर या. आपल्याकडे डोळ्यांवर चालणारी कामे किती आहेत ते मोजा.

कुंभारगाव, भिगवणकडे हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला लांबून लोक येतात. त्यांना होडीतून नेणारे आपले मच्छीमार बांधव दूरवरच्या ठिपक्यावरून पक्षी सांगतात. कशावरून, असे विचारा. उडताना मान लांब ताठ आणि पाय मागे ताणलेले असतील तर तो रोहित. मान मागे मुडपून घेतली असेल तर तो राखी बगळा. दिसणारी खूण आणि तिचा अर्थ ही जोडी त्यांनी पाण्यावर राहून जमवली आहे. ही विद्याच आहे. मात्र ती पाहुण्याला सांगता आली तर धंदा वाढतो. नुसते ‘तो बघा, तो बघा’ म्हटले तर पाहुण्याला काही दिसत नाही. ‘त्या बुडालेल्या बाभळीच्या उजवीकडे, दोन हात वर’ असे सांगितले की दिसते.

कंदर, टेंभुर्णी पट्ट्यातली केळी परदेशी जातात. तिथे पॅकिंगच्या कामावर आपल्या पुष्कळ भगिनी आहेत. फणीवरचा घासल्याचा डाग कोणता, कीड-रोगाचा डाग कोणता, दांडा कापलेला नीट की फाटलेला, हे हात चालू असताना पाहावे लागते. ज्या बाईला फरक दिसतो आणि तो नव्या मुलीला शब्दांत सांगता येतो, ती पुढे मुकादम किंवा सुपरवायझर होऊ शकते. दिसते पण सांगता येत नाही, ती बाई वर्षानुवर्षे त्याच टेबलावर राहते.

आशाताईंचे काम तर सर्वस्वी नजरेचे आहे. दवाखान्यात बाळंतपण झाले तरी जन्मानंतरच्या ४२ दिवसांत त्यांना बाळाच्या घरी सहा भेटी द्याव्या लागतात. श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, अंग गार पडणे, अंगावर नीट न पिणे या धोक्याच्या खुणा आहेत. यातली एकही खूण बाळ तोंडाने सांगत नाही. बाळाच्या अंगावरचे दुपटे बाजूला करून छाती पाहावी लागते आणि घड्याळ लावून श्वास मोजावे लागतात. मग दवाखान्याला फोन करताना ‘बाळ बरं नाही’ एवढेच सांगितले तर पलीकडच्याला काही कळत नाही. ‘नऊ दिवसांचे बाळ, श्वास मिनिटाला ६८, छाती आत जाते, सकाळपासून दोनदाच प्यायले’ असे सांगितले की गाडी निघते.

वायरमनला ‘लाईट गेली’ सांगणे आणि ‘विहिरीजवळच्या डीपीवर डावीकडची तार तुटून खांबाला लोंबते आहे, खाली पाणी आहे’ असे सांगणे यातही हाच फरक आहे. दुसऱ्या वाक्यात एखाद्याचा जीव वाचवण्याची ताकद आहे.

पंचनामा

पंचनामा हा शब्द आपण रोज ऐकतो. पंचनामा म्हणजे शब्दांनी काढलेले चित्रच. जो जागेवर नव्हता, त्याला जागा दिसली पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने माढा, करमाळा, मोहोळ भागात हाहाकार केला आणि गावोगाव पंचनामे झाले. अशा वेळी तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्यापुढे शेकडो घरे असतात. प्रत्येक घरमालकाने आपल्या घराचे वर्णन नेमके करून ठेवले तर काम सोपे होते आणि हक्कही राहत नाही.

दोन वाक्ये पाहा. पहिले : ‘घराचे अतोनात नुकसान झाले आहे.’ दुसरे : ‘पूर्वेची मातीची भिंत, लांबी १४ फूट, उंची ८ फूट, पूर्ण पडली. उत्तरेच्या भिंतीला कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत तिरपी भेग, बोट जाईल एवढी. पाण्याची खूण जमिनीपासून ४ फुटांवर. ज्वारीची ३ पोती भिजून मोड आले.’ पहिल्या वाक्यात दुःख आहे, पण ते वाचून अधिकाऱ्याला काही मोजता येत नाही. दुसऱ्यात एकही भावनेचा शब्द नाही, पण ते नाकारणे अवघड आहे.

पंच म्हणून सही करताना तर जास्तच जपले पाहिजे. आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर अंगठे दिले. आता सही करता येते. पण न पाहता केलेल्या सहीत आणि अंगठ्यात फरक तो काय? जागा पाहा, मजकूर वाचून घ्या, जे दिसले नाही ते मजकुरात असेल तर तसे सांगा आणि मगच सही करा.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, फोटो काढला की झाले. फोटो जरूर काढावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करण्याची तरतूद आहे. ई-पीक पाहणीतही शेतकऱ्याला स्वतः पिकाचा फोटो द्यावा लागतो. पण भेग केवढी ते फोटोत कळत नाही, शेजारी मोजपट्टी किंवा वीत ठेवावी लागते. वास फोटोत येत नाही. भिंत आधी पडली की पाणी आधी शिरले हे फोटो सांगत नाही. आणि फोटो कशाचा काढायचा हे ठरवायला आधी डोळे लागतातच. सवय नसलेला माणूस दहा फोटो काढतो आणि पाण्याची खूण नेमकी एकातही येत नाही.

घरच्या घरी काय करता येईल?

यासाठी वर्ग नको, फी नको. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरे. विहारात मुले जमत असतील तर तिथेही करता येईल.

पहिला खेळ चित्रवाचनाचा. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यातले बुद्ध, यशोधरा आणि राहुल यांचे चित्र पुस्तकांत आणि कॅलेंडरवर पुष्कळदा छापलेले असते. ते मधे ठेवा. पाच मिनिटे कोणी बोलायचे नाही, फक्त पाहायचे. मग पाळीपाळीने एकेकाने एकच गोष्ट सांगायची. हातात भिक्षापात्र आहे. आई मुलाला पुढे करते आहे. बुद्ध भव्य आहेत आणि आई-मूल अगदी लहान आहेत. कथा माहीत आहे म्हणून कथा सांगायला लागू नका, आधी दिसते ते सांगा. मग विचारा, बुद्ध एवढे मोठे का काढले असतील? कोणी काही उत्तर दिले की म्हणा, ‘कशावरून?’ आजीच्या उत्तरालाही हा प्रश्न विचारायचा आणि पहिलीतल्या नातवाच्याही. सर्वांत लहान मुलालाच पुष्कळदा मोठ्यांना न दिसलेले दिसते.

दुसरा खेळ पाठीला पाठ लावून बसण्याचा. एकाने हातातल्या चित्राचे वर्णन करायचे, दुसऱ्याने न पाहता ते कागदावर काढायचे. चित्राचे नाव सांगायचे नाही. ‘घर काढ’ म्हणायचे नाही. ‘कागदाच्या मधोमध चार बोटे रुंद चौकोन काढ’ असे सांगायचे. शेवटी दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की घरभर हशा पिकतो. आपण किती मोघम बोलतो हे या हशात सर्वांना कळते. पती-पत्नींनी हा खेळ जरूर खेळावा. ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘तुम्ही सांगितलंच नव्हतं’ ही भांडणे कोठून येतात याचा उलगडा होईल.

तिसरा खेळ वस्तुचित्राचा. रोज एक वस्तू. तांब्या, चप्पल, कंदील, जाळ्याचा गुंडाळा, कोयता. चित्र सुंदर आले पाहिजे ही अटच नाही. ते कोणाला दाखवायचे नाही, भिंतीला लावायचे नाही. दहा मिनिटे त्या वस्तूकडे नजर ठेवली एवढे पुरे. स्वतः बाबासाहेबांनी उतारवयात, राज्यकारभार, लिखाण आणि आजारपण यांच्या गर्दीत चित्रकलेचे धडे घेतले होते. त्यांच्याएवढे काम तर आपल्याला नाही ना?

बुडालेल्या गावाचे चित्र

शेवटी आपल्या भागापुरते एक काम सुचवतो. उजनी धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झाले आणि भीमेकाठची जुनी गावठाणे पाण्याखाली गेली. लोक वर सरकले, नवी गावठाणे झाली. उन्हाळ्यात धरण उण्यात गेले की पळसदेवच्या जुन्या देवळासारखी काही बांधकामे वर येतात आणि वर्तमानपत्रांत त्यांचे फोटो छापून येतात. पण देवळे दगडाची होती म्हणून टिकली. आपली घरे मातीची होती. ती वर येणार नाहीत आणि त्यांचे फोटोही कोणाकडे नाहीत.

ती घरे आता फक्त आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत आहेत. जी मंडळी तेव्हा विशी-पंचविशीत होती, ती आज सत्तरीच्या आसपास आहेत. मुलांनो, आजी-आजोबांजवळ कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि जुन्या गावाचा नकाशा काढा. नदी कोणत्या अंगाला? आपली वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला? पाणी भरायची जागा कोणती आणि तिथे कोणाला भरू देत, कोणाला नाही? विहीर, वड, चावडी, शाळा, तक्क्या कोठे? घराचे दार कोणत्या दिशेला? दारातून बाहेर पडल्यावर पहिले काय दिसे? एका आजीने एक सांगितले आणि दुसऱ्या आजोबांनी वेगळे सांगितले तर खोडू नका. दोन्ही लिहा, कोणी सांगितले तेही लिहा. मग तिसऱ्याला विचारा, ‘कशावरून?’

संपादनाच्या वेळी ज्याची नोंद कागदावर झाली त्याचा हिशेब झाला, आणि जे नोंदवायचे राहिले ते पाण्यात गेले, असे जुनी माणसे म्हणतात. नव्या गावठाणात जन्मलेल्या मुलांना आपले घर नेमके कोठे होते हे सांगणारा कागद निदान घरात तरी असावा. तो काढायला उत्तम चित्रकार लागत नाही. विचारायला आणि ऐकून मांडायला शिकलेले एक पोरगे लागते.

येत्या रविवारी हे काम करून पाहा. कोणत्या गावाचा नकाशा झाला, कोणत्या जागेवरून म्हाताऱ्यांचे एकमत झाले नाही, ते आम्हाला जरूर कळवा.